राहेलबाईचं डावं पान

आमच्या सासूबाई भागाबाई कुणाचंही नाव सरळ घेत नसत. शेजारच्या क्वार्टरातल्या राहेल झिराडकरला त्यांनी राहीबाई करून टाकलं होतं आणि तिच्या नवऱ्याला, हसकेलला, हस्कूभाऊ. नावं ऐकून आधी त्यांना वाटलं, ही माणसं ख्रिस्ती. तसं नाही असं कळल्यावर वाटलं, मुसलमान असतील. तेही नाही म्हटल्यावर सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. शेवटी हसकेलभाऊंनीच अंगणात उभं राहून सांगितलं, "आम्ही बेने इस्राएल, ज्यू. अलिबागेकडचे. आमचे वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाववाले आम्हाला शनिवार तेली म्हणायचे." एवढ्या लांब उत्तरातला तेली हा एकच शब्द सासूबाईंनी उचलला. "मंग सरकं सांगाचं ना बापा," त्या म्हणाल्या, "आमच्या तुमसरात लय तेली हायेत." झालं. त्यांच्यापुरता प्रश्न मिटला आणि झिराडकर शेवटपर्यंत कोकणातले तेलीच राहिले.

मी एकाहत्तर साली लग्न होऊन भिलाईला आले. आमचे हे, शामराव, स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात क्लार्क. हसकेलभाऊ तिथल्याच रेल मिलमध्ये, जिथं रेल्वेचे रूळ बनतात, क्रेन चालवायचे. त्यांचा एकुलता मुलगा डॅनियल तेव्हा पाच वर्षांचा. त्याला घरात दानू म्हणायचे आणि आमच्या सासूबाई दान्या. दोन क्वार्टरांमध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की पलीकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागावा.

शुक्रवारी दिवेलागणीला त्या भिंतीतून आवाज यायचा. आधी पुरुषाचा, जाडा, काहीतरी न समजणारं बोलणारा. मग तो थांबायचा आणि बाईचा आवाज यायचा, स्वच्छ मराठीत. पुन्हा पुरुष, पुन्हा बाई. नवी नवरी होते, कान तेवढे लांब होते. मला वाटलं, नवराबायको भांडतात. तो त्याच्या भाषेत बोलतो, ती तिच्या भाषेत उत्तर देते, आणि एक बोलत असताना दुसरं मधे तोंड घालत नाही. इतकं शिस्तीतलं भांडण मी माहेरीही पाहिलं नव्हतं आणि सासरी तर विचारूच नका. त्या बाईचं मला फार कौतुक वाटलं.

पुढं जाणंयेणं सुरू झालं तेव्हा कळलं, भांडण नव्हे, ते शास्त्र वाचत होते. काळ्या कापडी बांधणीचं, उशीएवढं जाड पुस्तक. हसकेलभाऊंच्या आजोबांचं, मुंबईत छापलेलं. आपल्या पुस्तकांच्या उलट बाजूनं उघडायचं. उजव्या पानावर हिब्रू, ठसठशीत चौकोनी अक्षरांत, आणि डाव्या पानावर त्याच मजकुराचं मराठी. हसकेलभाऊंना लहानपणी त्यांच्या प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये, त्याला ते लोक मशीदच म्हणतात, ही अक्षरं छडीच्या जोरावर शिकवली होती. वाचता सगळं यायचं, अर्थ एका ओळीचाही नाही. राहेलबाईला हिब्रू कुणी शिकवलीच नव्हती. मुलींना कोण शिकवतं! ती मराठी सातवी पास.

"लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी ह्यांनी पानभर घडाघडा वाचलं," राहेलबाई मला तांदूळ निवडता निवडता सांगत होती. "मी विचारलं, काय होतं त्यात? म्हणाले, ठाऊक नाही, वाचायचं असतं. मी म्हटलं, मग थांबा जरा. ह्या बाजूला लिहिलंय, ते मी सांगते."

तेव्हापासून ते थांबायला लागले. एक ओळ त्यांची, एक तिची. हसकेलभाऊंना मराठी वाचता येत नव्हतं असं नाही. रोज सकाळी आमचंच वर्तमानपत्र आमच्याआधी वाचून घडी मोडून परत द्यायचे. पण त्या पुस्तकाच्या डाव्या पानाकडे त्यांनी कधी नजर टाकली नाही. "ते तुझं पान गो," म्हणायचे. राहेलबाई माहेरी गेली असली की त्या शुक्रवारी वाचन नाही. एकट्यानं वाचून काय उपयोग, कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं. ती वाचायला लागली की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान कलती करून ऐकायचे, आणि गोष्ट रंगात आली की "मग? पुढं काय झालं?" असं तिलाच विचारायचे. पुढची ओळ त्यांनीच वाचायची असायची! नवऱ्याला बायकोचं ऐकून घ्यायला लावणारं दुसरं शास्त्र मला तरी ठाऊक नाही.

त्या पुस्तकात मधूनच वंशावळी यायच्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा. त्या दिवशी मोठी गंमत. नावांचं भाषांतर काय होणार? त्यांनी उजव्या पानावरून नावांची माळ ओढायची आणि तिनं डाव्या पानावरून तीच माळ पुन्हा ओढायची. अर्ध्यात आले की दोघांना हसू आवरायचं नाही. सासूबाई भिंतीला कान लावून म्हणायच्या, "कोनाच्या घरचे होत हे एवढे लोक? लगन हाये का?"

आणि एक प्रकरण असं होतं की त्यात राहेल नावाची बाई होती. तिच्यासाठी एक माणूस वर्षानुवर्षं मेंढ्या राखतो. ते नाव हिब्रूतही तसंच. हसकेलभाऊ ते प्रकरण वाचताना त्या शब्दापाशी आले की मान वर करून बायकोकडे बघायचे. उजव्या पानावरचा तेवढा एक शब्द तिला कळायचा. लाजायची अशी की जणू मागणी घालायला माणसं आली आहेत.

एक खंत मात्र हसकेलभाऊंना होती. शनिवारी काम करायचं नाही हा त्यांच्या धर्माचा पहिला नेम, आणि भट्टी काही शनिवार ओळखत नाही. शुक्रवारी सेकंड शिफ्ट लागली की वाचन चुकायचं, शनिवारी फर्स्ट लागली की पहाटेच्या भोंग्याला डबा घेऊन निघायचे. "घाण्याचा बैल शनिवारी सोडता यायचा," ते शामरावांना म्हणाले होते, "क्रेन कशी सोडू?" म्हणून जो शुक्रवार हाताला लागेल तो ते सोडायचे नाहीत. ताप असला तरी वाचायचे.

एकदा कंपनीकडून क्वार्टरांना चुना मारायचा होता. झिराडकर त्याच सुमारास अलिबागेला निघाले होते, म्हणून ते पुस्तक राहेलबाईनं धुतलेल्या चादरीत गुंडाळून आमच्याकडे ठेवलं. दसरा आला. आमच्याकडे पाटीपुस्तकांची पूजा असते. सासूबाईंनी माझ्या नणंदेची पुस्तकं मांडली, शामरावांचं फाउंटन पेन ठेवलं, आणि बाजूला एवढं मोठं शास्त्र असताना ते कसं वगळायचं म्हणून तेही चादरीतून काढून पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि पुन्हा गुंडाळलं. झिराडकर परत आले आणि राहेलबाईनं चादर सोडली. तिचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्यात देवाखेरीज कशाचीच पूजा चालत नाही, पुस्तकाचीही नाही. ती रडायलाच लागली. हसकेलभाऊंनी पुस्तक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "भागाबाई, अहो कुंकू पाठीला लावलंत! तोंड इकडे आहे." सासूबाई ओशाळल्या. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलं, तरी पानांच्या कडेला थोडा गुलाबी डाग राहिलाच. माणूस खरंच मोठ्या मनाचा. आमच्या धर्माचं काही असं त्यांच्या हातून बाटलं असतं तर सासूबाईंनी वसाहतीतला सगळा सेक्टर डोक्यावर घेतला असता, हे मी लिहून देते.

दानूला हिब्रू यावी म्हणून हसकेलभाऊंनी खूप खटपट केली. अंगणातल्या फरशीवर खडूनं अक्षरं काढून द्यायचे. पोरगं ती गिरवण्याऐवजी अक्षरांवरून लंगडी घालायचं. त्याचं सगळं जग हिंदीत. शाळा हिंदी, क्रिकेट हिंदी, भांडणं हिंदी. आईशी मराठी बोलायचा ती आमच्यासारखी, वऱ्हाडाच्या अंगानं जाणारी, त्यात निम्मी हिंदी. "बाबा, ये किसके काम का है? इथं कोनाले समजते?" असं विचारायचा. हसकेलभाऊ म्हणायचे, "मला तरी कुठं समजतं? तू नुसतं वाचायला शीक. समजून सांगायला तुझी आई आहे." ते ऐकून तो निघून जायचा. शुक्रवारी त्या दोघांच्या मधे बसवलं तर जांभया देत दिव्याकडे बघत राहायचा.

शहाऐंशी साली, थंडीच्या सुरुवातीला, हसकेलभाऊ गेले. फर्स्ट शिफ्ट करून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले आणि पाटावरच कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. चौपन्न वर्षांचा धडधाकट माणूस. शामराव लहान मुलासारखे रडले.

त्यांच्यात दहन नाही, पुरतात. आणि त्यांच्यातले दहा पुरुष जमल्याशिवाय काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. भिलाईत त्यांच्या धर्माचे दहा कुठून आणायचे? एक दानू होता, वीस वर्षांचा. ख्रिस्ती कब्रस्तानातल्या पाद्रीबाबांनी कोपऱ्यातली जागा दिली, भला माणूस. हसकेलभाऊंच्या क्रेनखाली काम करणारे केवलराम आणि आणखी मिलवाले आले होते. त्यांनीच खांदा दिला, त्यांनीच माती ओढली. पाद्रीबाबा म्हणाले, मी चार शब्द वाचू का? राहेलबाई म्हणाली, "आमचं पुस्तक आणलंय."

तिनं पुस्तक उघडून दानूपुढे धरलं. दानूनं उजव्या पानाकडे पाहिलं. एक अक्षर येत नव्हतं त्याला. त्यानं मान हलवली आणि तोंड फिरवलं. मग तिनं पुस्तक स्वतःकडे वळवलं. आम्हाला वाटलं, आता ही वाचेल. ती वाचेना. नुसती उजव्या पानाकडे बघत उभी. केवलराम माझ्या कानाशी म्हणाला, "वहिनी, बाईचा गळा दाटला." मग तिनं डाव्या पानावरची एक ओळ वाचली, खणखणीत. पुन्हा थांबली. मग दुसरी ओळ. गळाबिळा काही दाटला नव्हता. डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला तेव्हाच उमगलं ती काय करत होती. आधी त्यांची ओळ असते ना. त्यांना वाचायला लागतो तेवढा वेळ ती सोडत होती.

घरी आल्यावर मात्र तिनं एकच धरलं. "अर्धंच झालं," ती म्हणत राहिली. "सुशीलावहिनी, ह्यांचं पान कुणी वाचलंच नाही. नुसतं माझंच वाचून माती लोटली." मी म्हटलं, देवाले मराठी समजत नाई का जी? तुमी वाचलं ना, पोचलं. ती म्हणाली, "देवाला पोचलं असेल. ह्यांना कसं पोचेल? मराठी पान ते स्वतःहून बघत नव्हते."

क्वार्टर कंपनीचा, तो सोडावा लागला. शामरावांनी तोवर भिलाईच्या कडेला जुनवानीला घर बांधलं होतं. सासूबाई वारल्या होत्या, एक खोली मोकळी होती. राहेलबाई आणि दानू आमच्याकडेच राहायला आले. शिवणाचं मशीन आलं, ते पुस्तक आलं. पुन्हा शुक्रवार सुरू झाले. दिवा लावायची, पुस्तक उघडायची, उजव्या पानावर एका ओळीवर बोट ठेवायची आणि गप्प बसायची. मग बोट उचलून डाव्या पानावर न्यायची आणि ती ओळ मोठ्यानं वाचायची. पुन्हा बोट उजवीकडे. शुक्रवारी मी बहुतेक तिच्याजवळ बसायची, एकटं कसं सोडायचं म्हणून. एकदा न राहवून विचारलं, "कावून थांबता जी एवढ्या वेळ?" ती म्हणाली, "त्यांचं वाचून होऊ दे की."

तिकडं दानूसाठी शामराव खेटे घालत होते. बाप नोकरीत असताना गेला म्हणजे मुलाला प्लांटमध्ये लावून घेतात. दानूचं काम होत आलं होतं. नोकरी, मग क्वार्टर, मग सून, नातवंडं, आईला म्हातारपणी आधार. सगळं समोर मांडून ठेवलं होतं. तेवढ्यात राहेलबाईच्या भावाचं इस्राएलहून बोलावणं आलं. मुलाला पाठव, इथं काम आहे, आपली माणसं आहेत. दानू आईला सोडून जायला तयार नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मामा आईलाही चल म्हणाले होते. आई म्हणाली, "ह्यांना इथं एकटं टाकून मी येणार नाही. तू जा."

मी तर तिच्यावर कावलेच. "येडी झाली का तुमी? हातातलं पोट्टं अन् हातातली नोकरी, दोन्ही सोडून राहिल्या!" तेव्हा तिनं दानूला समोर बसवलं आणि माझ्यादेखत सांगितलं, "दानू, मला तुझा पैसा नको. तिथं सगळे हिब्रूच बोलतात म्हणे. तू ते उजवं पान वाचायला शीक. शिकलास की एकदा ये. ह्यांच्या वरसाला, गेले त्या दिवशी, तू त्यांचं पान वाच, मी माझं वाचते. एकदा पुरं होऊ दे. मग मी तुझ्याकडे काही मागणार नाही."

दानूनं आईचे पाय धरले. "आई, मी शिकून येतो. बाबांचं पान मी वाचीन. पक्का."

एकोणनव्वदला तो गेला. दुर्ग स्टेशनवर गाडी सुटताना तो रडत होता आणि ती त्याला हसून हात करत होती. भरलं घर तिनं एका पानासाठी रिकामं केलं, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि आजही वाटतं.

वर्षं गेली. दानूचे फोन यायचे, आमच्या कोपऱ्यावरच्या पीसीओवर निरोप ठेवायचा आणि तिनं जाऊन उभं राहायचं. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, वाचता येतं का? तो म्हणाला, थोडं थोडं. मग म्हणाला, येतं. मग एकदा म्हणाला, "आई, आता मला स्वप्नं पण हिब्रूत पडतात." त्या दिवशी ती फोनवरून आली ती ओट्यापाशी न जाता थेट पुस्तकापाशी गेली. लग्न त्यानं तिकडेच केलं, मोरोक्कोकडच्या मुलीशी. फोटो आला. यायचं मात्र दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी तिथल्या सक्तीच्या लष्कराची हाक, कधी बाळंतपण, कधी रजा नाही. राहेलबाईची दृष्टी मंदावत चालली. चष्म्याचा नंबर वाढला की म्हणायची, "तेवढ्यापुरते टिकले पाहिजेत डोळे."

शहाण्णव साली डिसेंबरात तो आला. बापाच्या वरसाला बरोबर पोचेल असा आला. तीस वर्षांचा बाप्या, उन्हानं रापलेला, बोलताना हात करणारा. "काकी, कैसी हो?" म्हणून माझ्या पाया पडला. मराठी गंजली होती, हिंदी शाबूत होती. कब्रस्तानात जाऊन आला. बापाच्या थडग्यावरचं गवत त्यानं स्वतःच्या हातानं उपटलं.

वरसाच्या दिवशी राहेलबाई पहाटेपासून कामात. मलिदा केला, म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात ओलं खोबरं, गूळ, वेलची. नारळ शामरावांनी पावर हाउस भागातल्या बाजारातून आणले. तिनं न्हाऊन पांढरं पातळ नेसलं. पुस्तक उशीवर ठेवलं. कब्रस्तानात वाचलं होतं तेच स्तोत्र उघडलं. दानू उजवीकडे बसला, ती डावीकडे. मी आणि शामराव दाराशी. ती इतकी आनंदात होती की मलाच भीती वाटली.

दानूनं डोक्यावर टोपी ठेवली आणि वाचायला लागला.

माझ्या अंगावर काटा आला. किती वर्षांनी ती भाषा घरात ऐकत होते! पण हे वाचणं वेगळं होतं. हसकेलभाऊ एकेक शब्द असा वाचायचे की जणू क्रेननं उचलून जपून खाली ठेवताहेत. दानू आपण बोलतो तसा वाचत होता, सरळ, झरझर. पहिली ओळ झाली. राहेलबाईनं डाव्या पानावर पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि तोंड उघडलं. दानू दुसऱ्या ओळीवर गेला होता. तिनं तोंड मिटलं. तिला वाटलं असेल, दोन ओळी एकदम घेतल्या, आता थांबेल. तिनं बोट दुसऱ्या ओळीवर नेलं. तो थांबला नाही. तिचं बोट तिसऱ्या ओळीवर गेलं, चौथ्या, मग भराभर खाली सरकायला लागलं. तो नेमका कुठं आहे हे तिला कळणार कसं? तिला ती भाषा येतच नव्हती. शेवटी बोट पानाच्या मधेच कुठंतरी थांबलं आणि तिथंच राहिलं.

दानूचं लक्ष नव्हतं. त्याचा आवाज भरून आला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जे वाचत होता ते त्याला शब्दन् शब्द समजत होतं आणि बापासाठी तो खरोखर रडत होता. शेवटची ओळ झाली. त्यानं पुस्तकाचं चुंबन घेतलं आणि ते मिटलं. तिचं बोट अजून आत होतं. ते तिनं हळूच काढून घेतलं.

"हो गया, आई," तो म्हणाला.

"छान वाचलंस रे," ती म्हणाली. "फार छान." आणि मलिदा वाढायला उठली.

माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. दानू हात धुवायला अंगणात नळावर गेला, तिथं मी त्याला गाठला. "काबे दान्या, आईले वाचू कावून नाही देल्लं? तिची ओळ असते ना मधात? एवढी वर्षं वाट पाहून राहिली ते माय!"

तो बावरून माझ्याकडे बघायला लागला. "काकी, आई तर बाबाले सांगासाठी वाचत होती ना? बाबाले समजत नव्हतं. मुझे तो सब समझ में आता है. मंग तिले कावून तकलीफ देऊ? आँखें भी कमज़ोर हैं उसकी." त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता. तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. सांगितलं होतं तेच तो शिकून आला होता, म्हटलं होतं तेच त्यानं केलं होतं. मग म्हणाला, "कुछ गलत हुआ क्या? आईनं काही म्हटलं का?" मी म्हटलं, नाही बापा, जा, जेव.

राहेलबाईला मात्र मी म्हटलं, तो आहे अजून चार दिवस, पुन्हा वाचायला लावा, सांगा त्याला थांबायला. ती म्हणाली, "सांगून थांबणं आणि गरज म्हणून थांबणं सारखं का? ह्यांना काय लिहिलंय ते ऐकायचं असायचं, वहिनी. म्हणून थांबायचे. त्याला माझ्याकडून काय ऐकायचंय?" आणि वर मलाच दटावलं, "त्याला काही बोलू नका. पोरगं एवढ्या लांबून आलंय."

दानू गेला. जाताना आईला चल म्हणून पुन्हा म्हणाला, ती पुन्हा नाही म्हणाली. त्यानंतरच्या शुक्रवारी मी नेहमीसारखी तिच्या खोलीत जाऊन बसले. तिनं दिवा लावला, पुस्तक उघडलं, चष्मा लावला. मी आपली सवयीनं गप्प बसले, तिचं थांबून होईपर्यंत. पण तिनं उजव्या पानावर बोट ठेवलंच नाही. डावं पान वरून खालपर्यंत एका दमात वाचून काढलं, कुठं श्वास घ्यायलाही थांबली नाही, आणि पुस्तक मिटलं.

"राहेलबाई, आज थांबल्या नाई जी?" मी विचारलं.

ती पदरानं चष्म्याच्या काचा पुसत राहिली. "आधी थांबलं की ह्यांचा आवाज यायचा," ती म्हणाली. "अगदी खाकरण्यासकट. आता थांबलं की दानूचा येतो. तो मला वाचूच देत नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली. नवऱ्यावर माती लोटताना जिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं ती बाई माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.